उसवण

तांदळाचं पंचवीस किलोचं पोतं घरात आलं की कात्रीची शोधाशोध सुरू होते. कात्री जागेवर नसते. मग सुरी, मग विळी, आणि शेवटी कुणीतरी वैतागून पोत्याचा कोपराच फाडून मोकळं होतं. मी जवळपास असलो तर मात्र पोतं माझ्यापुढे सरकवलं जातं. त्याच्या तोंडावरच्या शिवणीला एका अंगाने साधी टीप दिसते, दुसऱ्या अंगाने साखळी. ती साखळी दोन टोकांपैकी एकाच टोकाकडून सुटते. चुकीच्या टोकाला हात घातला तर जितकं ओढावं तितकी ती आवळत जाते. बरोबर टोक सापडलं, तिथला एक धागा तोडला आणि ओढलं, की सर्रकन अख्खी शिवण हातात येते आणि पोत्याला ओरखडाही उठत नाही. माझी मुलगी लहान होती तेव्हा हे बघायला मैत्रिणींना बोलावून आणायची. आता ती कॉलेजात आहे, तिला त्यात काही विशेष वाटत नाही. पण पोतं आलं की हाक अजून मलाच मारते.

निघालेला दोरा मी दोन बोटांभोवती गुंडाळून ठेवतो. ‘याचं काय करणार?’ असं बायको विचारते. खरं तर काहीच करणार नसतो. उसवलेला दोरा टाकायचा नसतो एवढंच मला माहीत आहे. त्याचं पुढे काय करायचं हे आईच्या घरात आपोआप ठरायचं, माझ्या घरात ते ठरत नाही.

आमचं गाव माणदेशात, आटपाडीच्या अंगाला. वैशाखात तिथे दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. सुगी आटोपलेली, पेरणीला अवकाश, आणि पाऊस येईल की नाही याची चर्चा करून करून लोक कंटाळलेले. वाकळा शिवायचे ते दिवस. पुण्यात ज्याला गोधडी म्हणतात ती आमच्याकडे वाकळ. सोप्यात सारवलेल्या जमिनीवर आई जुनेरं पसरायची. सुरकुती राहू नये म्हणून कोपऱ्यांवर वरवंटा, पाण्याचा तांब्या, अधोली, हाताला जे जड लागेल ते ठेवायची. आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरवायचे. मग कडेपासून सुरुवात करून चौकोनाच्या आत चौकोन असं मधे मधे यायचं. शिवणारी बाई वाकळेवरच बसते आणि टाका पुढे जाईल तशी स्वतःही सरकते. शेजारच्या दोघी-तिघी आल्या तर एकेक बाजू धरायच्या. बोलणं एकीकडे, टाका एकीकडे. कुठली बाजू कुणाची हे पुढे कित्येक वर्षं नुसत्या टाक्यावरून सांगता यायचं, आणि त्यावरून मागाहून टोमणेही मारले जायचे.

ताई त्यांच्यात बसायची. तिला शिवायला शिकायचंच होतं. तिच्यासमोर दुसरा पर्याय कुणी ठेवला नव्हता. मला सुई कुणी देत नव्हतं. पण पोरगं मोकळं बसलं तर उन्हात उंडारायला जाईल, म्हणून मला दाराशी, उजेडाला बसवून उसवायचं काम दिलेलं. आजोबांच्या पैरणी, फाटक्या चोळ्या, उशांचे अभ्रे, कुणाकुणाची परकर-पोलकी. वाकळेत जे जायचं ते आधी सुटं व्हायला हवं.

उसवायला ब्लेड मिळत नसे. वडिलांच्या दाढीचं अर्धं पातं कोनाड्यात असायचं, पण ते कापडाला लागलं तर कापड गेलं. आई बांगडीला अडकवलेल्या पिनांमधली एक पिन काढून द्यायची. शिवण पालथी करायची. पिनेच्या टोकाने एक टाका उचलून तोडायचा, मग चार-पाच टाके सोडून पुढचा, पुन्हा चार-पाच सोडून त्याच्या पुढचा. अशी एक ओळ झाली की कापड उलटं करायचं, मागचा दोरा चिमटीत धरायचा आणि अलगद न्यायचा. तो अखंड निघतो. पुढच्या बाजूला राहिलेले बारके तुकडे झटकले की पडतात. शिवणीच्या जागी भोकांची एक रांग उरते आणि दुमडीच्या आत कापडाचा पहिला रंग दिसतो, दुकानातून आणला त्या दिवशीचा. बाहेर सगळं कापड मातकट झालेलं, आणि आत बोटभर पट्टी लख्ख निळी. मला त्या पट्टीचं फार अप्रूप होतं. आजोबांची पैरण मी कायम मळकट पांढरीच पाहिली होती. तिला निळे पट्टे होते हे तिची बगल उसवल्यावर कळलं.

‘वडू नगं. त्याचं त्याला येऊ दे,’ आई मान वर न करता म्हणायची. मी ओढलं हे तिला आवाजावरून कळायचं.

सुट्या झालेल्या कापडातून निवड ती करायची. कापड उजेडासमोर धरायची, अंगठा आतून दाबून बघायची, मग कडेला दातांनी बारीकशी चीर देऊन दोन्ही हातांनी टरकावायची. सुती कापडात जीव असला तर ते उभ्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जातं आणि टर्र असा खणखणीत आवाज येतो. जीव गेलेलं कापड कसंही, वाकडंतिकडं आणि मुकाट्याने फाटतं. असलं कापड पोतेऱ्याला. त्यातही अधलेमधले प्रकार होतेच: बसायच्या जागी विरलेलं, पण दोन्ही टोकांना धड. लुगडं असलं तर मधला विरलेला भाग काढून टाकायचा आणि दोन धड तुकडे जोडून दांड घालायचा, मग ते आणखी वर्षभर नेसायचं. म्हणजे लुगडं वाकळेत जाण्याआधी निदान एकदा तरी फाडून पुन्हा जोडलेलं असायचं. दांड घातलेलं लुगडं नेसून बाजाराला जाताना आई जोड निऱ्यांच्या आत लपवायची. विहिरीवर जाताना लपवत नसे. तिच्या लहानपणी, महायुद्धाच्या दिवसांत, कापड रेशनवर होतं, आणि ती टंचाई तिच्या बोटांतून अजूनही गेलेली नाही.

तिची बरीचशी लुगडी इरकली. इलकल हे बागलकोट जिल्ह्यातलं गाव, पण आमच्या भागातल्या बायकांना ते आपलंच वाटायचं. अंग सुती, गडद, आणि पदर लाल रेशमाचा. असं एक लुगडं मी पहिल्यांदा उसवायला घेतलं तेव्हा पदराची शिवण शोधत बसलो. कापड वेगळं, रंग वेगळा, म्हणजे जोड असणारच. जोड दिसत होता, पण टाका नव्हता. पिन लावायला जागाच नाही. मागावर ताणा चढवताना अंगाचा एकेक उभा धागा पदराच्या एकेका धाग्यात फास घालून अडकवलेला असतो, सगळीच्या सगळी रुंदी, आणि मग विणायला सुरुवात होते. हे मला पुढे फार उशिरा, एका विणकराच्या मागाजवळ उभं राहिल्यावर समजलं. आईला ते विणकाम माहीत नव्हतं, पण तिने पिन माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, ‘ह्ये उसवायचं न्हाई. ह्ये जलमाचं हाय.’ पदर तिने जोडापासून दोन बोटं अंतर सोडून कापला आणि वाकळेच्या बरोबर मधे, वरच्या बाजूला बसवला. आमच्या घरातल्या बऱ्याच वाकळांच्या पोटावर असा एक लाल चौकोन होता. थंडीत तोंडावर घ्यायला तो भाग बरा वाटायचा.

जरीचं प्रकरण निराळं. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणं हे त्यांचं काम, आणि भारतातल्या कुठल्याही मोठ्या सराफ कट्ट्यावर आमच्याकडची बोली कानावर पडू शकते. असा कुणी पाहुणा जत्रेला गावी आला की बायका ट्रंकेच्या तळातले काठ काढून त्याच्यापुढे ठेवायच्या. तो काठ दोन बोटांत चोळायचा, नखाने धागा उकलून बघायचा आणि यात चांदी आहे की नाही ते सांगायचा. खऱ्या जरीचा काठ जाळला की कापड जातं आणि चांदी मागे उरते. आईच्या शालूच्या काठात चांदी होती. पैशाची नड तर होतीच, तरी तिने तो दिला नाही. मला बसवून तो तिने शालूपासून उसवून घेतला, धुऊन ठेवला आणि पुढे ताईच्या मुलाच्या कुंचीला लावला. ती कुंची त्या पोराला टोचायची. काठाच्या पाठीमागे अस्तर लावायला हवं हे आईला कळत नव्हतं असं नाही, पण अस्तर लावलं तर मागचं जरीकाम दिसत नाही.

हे सगळं सुती कापडाचं झालं. मग नायलॉन आलं, टेरिकॉट आलं, आणि आईची निवड सोपी झाली. ते कापड उजेडासमोर धरायचीच गरज नसे. ते विरत नाही, फाटत नाही, घाम पीत नाही, आणि वाकळेत घातलं तर थरातून निसटत राहतं. टाका कितीही आवळा, महिनाभरात एका कोपऱ्यात गोळा होऊन बसतं. असल्या साड्या भांडीवालीकडे जायच्या. आटपाडीच्या बाजारादिवशी ती दारात यायची, स्टीलचं पातेलं पुढे करायची आणि तीन साड्यांवर चौथी मागायची. दोघींची घासाघीस तासभर चालायची. आमच्या घरातली अर्धी भांडी अशी नायलॉनची आहेत.

दसऱ्याआधी, घट बसायच्या अगोदर, घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायची रीत. ओढ्याला पाणी असलं तर ओढ्यावर, नसलं तर कुणाच्या तरी विहिरीवर, मोटार सुरू असेल त्या वेळेला. ओली वाकळ एकट्याला उचलत नाही. दोघांनी दोन टोकं धरून पिळायची, आणि पिळताना जुने टाके कुठे कुठे तुटतात ते आवाजावरून कळतं. त्यामुळे दसऱ्याच्या आसपास वाकळांची डागडुजी आपोआप निघायची.

अशाच एका वर्षी आईने माहेरची वाकळ काढली. लग्नात तिच्याबरोबर आलेली. मूळची वाकळ झिजल्यावर आईने तिच्यावर नवं कापड चढवलं होतं, आणि ते झिजल्यावर आणखी एक. वाकळेच्या पोटात वाकळ, तिच्या पोटात वाकळ. आता वरचं पाखं पार चिरलं होतं. आईने ठरवलं की सगळीच सुटी करायची. मी कॉलेजातून सुट्टीला आलेलो. काम अर्थातच माझ्याकडे आलं.

वरचे दोन थर पटापट निघाले. आईचा टाका माझ्या बोटांना पाठ होता. ती हातभर दोरा घ्यायची, त्यामुळे दर हातभर अंतरावर गाठ. गाठ उजवीकडे आणि तिथून दोरा डावीकडे गेलेला. गाठ तोडायची, डाव्या अंगाला दोरा पकडायचा, न्यायचा. मग आतली मूळ वाकळ लागली आणि माझा हात अडखळायला लागला. दोरा निघेना. गाठ म्हणून जिथे पिन लावावी तिथे दोरा संपलेला असायचा, आणि गाठ भलत्याच टोकाला. एक ओळ अशी असेल म्हणून पुढची पाहिली. तीही तशीच. वाकळ फिरवून बघितली, पालथी करून बघितली. सगळी वाकळ डावीकडून उजवीकडे शिवत नेलेली होती.

‘आई, ही उलटी शिवलीय.’

आई डाळ निवडत होती. सूप खाली ठेवून आली, गाठींवरून बोट फिरवलं, आणि म्हणाली, ‘उलटी न्हवं. माझी आई डावरी व्हती.’

आजीला मी पाहिलेलं नाही. आईच्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांत ती गेली. तिचा फोटो नाही. ती कशी होती असं विचारलं तर आई ‘व्हती आपली, चारचौघींसारखी’ एवढंच म्हणायची. त्या दिवशी मात्र बोलत राहिली. डाव्या हाताने जेवते म्हणून आजीच्या सासूने तिच्या हातावर पळी मारून मारून तिला उजव्या हाताने जेवायला लावलं. दळण उजव्या हाताने, भाकरी उजव्या हाताने, देवाला हळदकुंकू उजव्या हाताने. सुई तेवढी डाव्या हातात राहिली, कारण बाई शिवायला बसली की तिच्या हाताकडे कुणी बघत नाही.

आई तिच्यासमोर बसून शिकली होती. डाव्या हाताने शिवणाऱ्या बाईपुढे उजव्या हाताची पोर बसली की आरशात बघितल्यासारखं होतं. समोरचा हात जिकडे जातो तिकडेच आपला जातो, मनात काही उलटवून घ्यावं लागत नाही. आजीला काही समजावून सांगावं लागलं नसणार. पुढे आईने ताईला शिकवायला घेतलं तेव्हा तिनेही ताईला आपल्यासमोर बसवलं. शिकायचं म्हणजे समोर बसायचं, हेच तिला ठाऊक. दोघी उजव्या. ताईचा टाका दर वेळी भलतीकडे पडायचा, आई चिडायची, ‘डोळं कुटं हायती तुजं’ म्हणायची, ताई सुई फेकून परसात जाऊन रडायची. हे मी दारात बसून कितीदा पाहिलं होतं. शेवटी एकदा ताई आपली आपणच उठली, आईच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसली आणि मग तिचा टाका सुधारला.

आईला त्या दिवशी काय काय जुळलं ते तिने सांगितलं नाही. पुढच्या खेपेला ताई माहेरी आली तेव्हा चहा गाळता गाळता ती म्हणाली, ‘तुजं चुकत नव्हतं ग तवा.’ ताईला कशाबद्दल बोलणं चाललंय तेही कळलं नाही. तिने मान डोलावली आणि पोराला पुसायला लागली.

बंगालमध्ये कांथा करणाऱ्या बायकाही जुन्याच साड्यांचे थर एकावर एक घालतात. त्यांची खुबी अशी, की नक्षीसाठी लागणारा रंगीत दोरा त्या पूर्वी जुन्या साडीच्या काठातूनच उकलून काढायच्या. म्हणजे नक्षी काढण्याआधी कुणीतरी तासन् तास काठ उसवत बसलेलं असणार, बहुधा एखादं पोर, उजेडाला, दाराशी. संग्रहालयांतून लावलेल्या कांथांवरचे मोर, रथ आणि कमळं मी डोळे भरून पाहिली आहेत, पण माझं मन त्या पोराकडे जातं. त्याला काठाचा धागा न तुटता किती लांब निघाला याचा केवढा अभिमान वाटला असेल!

पुण्यात हल्ली प्रदर्शनांमधून गोधड्या मिळतात. मापात कापलेले तुकडे, जुळवलेले रंग, टाका एकसारखा. शिवणाऱ्या बाईच्या हातात चार पैसे पडतात, तिला नावं ठेवणारा मी कोण? मी एक घेतलीही आहे आणि ती उबदार आहे. पण त्यातलं बरंचसं कापड कोरं असतं. ठाणावरून आलं आणि कात्रीखाली गेलं. कुणाच्या अंगावर गेलेलं नाही, कुठे विरलेलं नाही, त्याच्या दुमडीत लपलेला रंग नाही. रात्री झोप येत नसली की माझं बोट त्या गोधडीच्या कडेवरून फिरतं, गाठ शोधतं आणि सापडली की तिथेच थांबतं. बायकोने एकदा दिवा लावून बजावलं, ‘ही उसवायची नाही.’

आई आता थंडीचे महिने आमच्याकडे असते. मोतीबिंदू काढल्यापासून नेढ्यात दोरा स्वतः ओवते आणि ओवल्यावर सगळ्यांना दाखवते. मात्र शिवायला तिच्याकडे काही नाही. गेली पंधरा-वीस वर्षं ती स्वतःच हलक्या, लवकर वाळणाऱ्या साड्या नेसते. सुती लुगडं धुवायला जड जातं, पिळवत नाही. ज्या कापडाला तिने जन्मभर भांडीवालीपुढे टाकलं तेच आता तिच्या अंगावर, आणि जुनेर म्हणून ट्रंकेत साठलंय तेही तेच. ताई म्हणते, देऊन टाकू. कुणाला द्यायचं, हा पुढचा प्रश्न. आमच्या सोसायटीच्या फाटकातून भांडीवालीला आत सोडत नाहीत.

परवा मुलीने गुडघ्यावर गेलेली जीन्स टाकायला काढली. आईने ती ओढून घेतली. उजेडासमोर धरली, अंगठा दाबला. ‘जीव हाय की,’ म्हणाली, आणि पिन मागितली. जीन्सची आतली शिवण दुहेरी असते, दोन्ही कडा एकमेकींत दुमडून त्यावर जाड दोऱ्याच्या दोन ओळी. तिने ती पालथी केली, टोक शोधलं, टाका उचलायला गेली तर पिन वाकली. दुसरी घेतली. मुलगी मोबाइल बाजूला ठेवून बघायला आली. खिशाजवळच्या घट्ट टाक्याशी आई बराच वेळ अडली. आतल्या बाजूला कंबरेच्या पट्टीवर एक चिठ्ठी होती. मुलीने वाचून दाखवली, ‘मेड इन बांगलादेश’.

‘म्हंजे कुटं?’

‘बंगालच्या पलीकडे, आज्जी. तिथल्या कारखान्यांत शिवतात. बायकाच असतात बहुतेक.’

‘बायका?’ आईने चष्मा वर ढकलला. मुलीने नकाशा काढला, बोटाने मोठा केला, आटपाडी कुठे आणि ढाका कुठे ते दाखवायला लागली. आईने नकाशाकडे पाहिलंही नाही. तिने खिसा बाहेर ओढला, त्याच्या आत चार बोटं घातली, पलीकडून चाचपून बघितलं, पुन्हा काढली.

‘ते ऱ्हाऊ दे,’ ती म्हणाली. ‘ह्या बाईनं हितं सुई फिरवाय हात घातला कुठनं, त्ये सांग.’